पाठीला पाठ लावून

कुंदाताई, तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी क्लास उघडला. दोन-दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून तशाच होत्या, तुम्ही शेवटच्या तासाला लावून गेला होतात तशा. पोरं येतील आणि नेहमीसारखी फळ्याकडे तोंडं करून बसायला खुर्च्या फिरवतील असं मला वाटलं होतं. कुणी फिरवल्या नाहीत. एकेक जण येत गेला आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून बसत गेला. खालच्या चक्कीचा पट्टा फडफडत होता. कुणीच काही बोलत नव्हतं, आणि बोलायला शिकवणारी मी, मीही नव्हते बोलत.

तुम्हाला मी पहिल्यांदा भेटले तेव्हाही आपण अशाच बसलो होतो. मानेवाड्याला चक्कीच्या वर इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे, तिथे शिकवायला मुलगी हवी आहे, एवढंच मला कळलं होतं. मी अर्ज, सर्टिफिकेटं, सगळं फोल्डरमध्ये लावून आले होते. तुम्ही ते उघडलंही नाही. मी जमिनीकडे बघत होते. तुम्ही तुमची खुर्ची उचलली, माझ्या मागे आणून ठेवली, माझ्याकडे पाठ करून बसलात आणि म्हणालात, "हं. आता सांग. घरून इथपर्यंत कशी आली?"

मला वाटलं, ही बाई विक्षिप्त आहे. पण मी सांगू लागले. कुठून वळले, कुठला रस्ता खोदलेला होता, कुठे ऑटोवाल्याला चुकीचं सांगितलं. तुम्ही कागदावर माझा रस्ता काढत होता, हे मला नंतर कळलं. नकाशा बराचसा बरोबर होता. मी इतकं सलग कुणाशी तरी बोलले याचं मलाच नवल वाटत होतं. तुम्ही पेन्सिल कानाला लावलीत आणि म्हणालात, "तोंडाकडे पाहिलं का माणूस चुका मोजते. पाठ केली का ऐकते."

पुढे हीच पद्धत मी शिकवली. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मागे न बघता काढायचं. हातवारे चालत नाहीत, डोळ्यांनी खुणा चालत नाहीत, म्हणून शब्दच शोधावे लागतात. आमच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. मी ते नाव तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नाव चांगलं आहे, पण खुर्च्या मजबूत पाहिजेत.

त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला नाव ठेवलंत. आपल्याकडे कुठलीही इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, मग ती दोन खोल्यांची का असेना. म्हणून मी कॉन्व्हेंट. "काय वं कॉन्व्हेंट, जेवली का?" "कॉन्व्हेंट, फळा पूस." आमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत, त्यामुळे मी मराठीत हळू होते, आणि इंग्रजीत बोलावं असं घरी कुणी नव्हतं. तुम्ही हे फार लवकर ओळखलंत. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "आमचे पोट्टे एका भाषेत गप्प बसते, ही दोन भाषांत बसते." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं.

आपलं पहिलं भांडण छत्रीवरून झालं, आठवतं? पुस्तकाबरोबर ऐकायचे जे पाठ आले होते त्यांत एक बाई स्टेशनवर हरवलेली छत्री शोधत असते. रंग कोणता, मूठ कशी, शेवटची कुठे ठेवली होती. मी तो पाठ तीनदा लावला. पोरं माना हलवत होती आणि त्यांना काहीएक कळत नव्हतं. तुम्ही मागे बसून शेंगा सोलत होता. तास संपल्यावर म्हणालात, "नागपुरात छत्री हरवली तर कोणी चौकशीच्या खिडकीवर जाईन काय? दुपट्टा बांधन तोंडाले अन् जाईन घरी." आणि मग खरं दुखणं सांगितलंत. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी त्या रेकॉर्डिंगमध्ये जी जागा सोडलेली असते, ती फार लहान असते. आपलं पोरगं प्रश्न ऐकते, मनात मराठीत करते, उत्तर मराठीत काढते, त्याचं इंग्रजी करते, अन् तोंड उघडते तवा ती बाई पुढच्या प्रश्नावर जाऊन राहिली असते. तुम्ही म्हणालात, एकदा असं झालं की पोरगं समजते आपण मठ्ठ आहो. मठ्ठ तर ती फीत आहे.

म्हणून आपण आपलेच पाठ रेकॉर्ड करायचे ठरवलं. ठरवलं तुम्ही, फोन माझा. माणसं तुम्ही आणायचात. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले बोंद्रेकाका, ज्यांनी आपल्या पहिल्या नाइट शिफ्टची गोष्ट इंग्रजीत सांगितली आणि मध्येच "द अलार्म केम अँड आय रॅन, आपलं, विदाऊट चप्पल" असं म्हणाले. उमरेडच्या एक सिस्टर. संत्र्याचा व्यापार करणारे तुमचे भाचेजावई. उन्हाळ्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग चालायचं, नाहीतर नुसती घरघर यायची. दारं लावलेली, चक्की बंद होण्याची वाट बघायची, सगळ्यांच्या अंगाला घामाची धार, आणि बोंद्रेकाका शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत इंग्रजीत बॉयलरबद्दल बोलतायत.

मी विरोध केला होता. मला अजूनही वाटतं, मी अर्धी बरोबर होते. आपल्या नर्सिंग झालेल्या मुलींच्या परदेशी नोकरीच्या मुलाखती तिकडचीच माणसं घेणार. ती काही बोंद्रेकाकांसारखं बोलणार नाहीत. तुम्ही म्हणायचात, छत्रीवाली बाईही ऐकू दे, पण नंतर. आधी आपल्या तोंडात मावन असं इंग्रजी ऐकू दे. मी म्हणायचे, मग चुका तशाच राहतील. तुम्ही म्हणायचात, राहू दे, चुकीवर माणूस बोलते तरी, भीतीवर बोलतच नाही. त्यावर मला काहीतरी सुचलं होतं, पण मी बोलले नाही. माझे मुद्दे मला नेहमी जिन्यात उतरताना सुचतात. हा वाद आपला अर्धाच राहिला, ताई. मी माझी बाजू कधी पूर्ण मांडलीच नाही, आणि तुम्हाला जिंकण्यातही मजा आली नसणार.

तुम्ही पोरांना एक वाक्य पक्कं करून दिलं होतं. ऐकताना कळलं नाही तर "समजलं नाही" म्हणायचं नाही, मान खाली घालायची नाही. हात वर करून म्हणायचं, "वन मोअर टाइम, प्लीज." त्यात लाज नाही, ते मागणं आहे. नव्या बॅचला पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवायचाच नाहीत. नाव सांगायच्या आधी ते वाक्य.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमचा आवाज असायचा. "चालू झालं काय? हं, बोला." मी तो कापायचे. तुम्हीच सांगायचात, "माहा आवाज काप." पहिल्या वेळी मी म्हटलं, राहू द्या ना, छान वाटतं. तुम्ही म्हणालात, काप, पोरांले कन्फ्युज होते. मी कापला. मग सवयच झाली. बोंद्रेकाकांच्या आधीचा तुमचा आवाज गेला, सिस्टरच्या आधीचा गेला. मी ते इतकं स्वच्छ कापायचे की तुम्ही तिथे होतात असं कळूही नये.

खरं कारण मला माहीत होतं, माझ्या कानांसमोर स्वतःच्या बोलण्याचा तुम्हाला संकोच वाटायचा. मी क्लासला आल्यावर थोड्या दिवसांनी एकदा लवकर पोचले. जिन्यात असताना वरून इंग्रजी ऐकू आलं, मोठ्या आवाजात, मधूनमधून हसू. पोरांना तुम्ही लग्नात हरवलेल्या बुटांची काहीतरी गोष्ट सांगत होता. प्रत्येक शब्द शेवटपर्यंत म्हणत होता. आम्ही शाळेत शिकलेले लोक अर्धे शब्द गिळतो. तुमचं एक अक्षरही वाया जात नव्हतं. मी वर आले, दारात उभी राहिले, आणि तुमचं वाक्य मध्यातच मराठी झालं. "अन् मग तो नवरदेव... ये वं, कॉन्व्हेंट, बस."

त्यानंतर मी बघत गेले. माझ्यासमोर तुम्ही कधीही इंग्रजी बोलला नाहीत. तुम्ही, ज्यांनी आख्खी हयात दुसऱ्यांना सांगितलं की आपल्या तोंडातलं इंग्रजी हे इंग्रजीच असतं. मी खोलीत आले की ते इंग्रजी तुम्ही आवरून ठेवायचात, पाहुणे आल्यावर पलंगावरचे कपडे आवरतात तसं. फळ्यावर इंग्रजी लिहिताना म्हणायचात, तू वाच. कुणी काही विचारलं की म्हणायचात, मॅडमला विचार. लोकांना वाटलं, तुम्ही मला पुढे आणताय. तेही खरं असेल. पण मी मग रोज चप्पल काढायला जिन्यात जरा जास्तच वेळ घेऊ लागले. तेवढ्यापुरतं तुमचं इंग्रजी ऐकू यायचं.

मी हे तुम्हाला का नाही सांगितलं? कितीदा ठरवलं होतं. पण जे वाक्य मनात यायचं, ते म्हणून बघितलं की प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटायचं. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, असं सांगणारी मी कोण? आणि नाही सांगितलं तर तुम्ही समजणार की मला ते ऐकायचं नाही. दोन्हीकडून पंचाईत. अशा वेळी मी जे करते तेच केलं.

गेल्या मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही वर्गात एक खेळ घेतलात. बाहेर मिरवणूक, पिवळ्या मारबतीचा मोठा पुतळा, ढोल, लोक ओरडतायत की खोकला घेऊन जाय, महागाई घेऊन जाय. आणि आपल्या वर्गात प्रत्येकाने एकेक गोष्ट इंग्रजीत सांगायची, मारबतीने न्यावी अशी. टेक अवे माय फिअर. टेक अवे माय ब्रदर्स मोबाइल. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, पास. तुम्ही लगेच खिडकीकडे तोंड करून ओरडलात, "हिचं पास घेऊन जाय गे मारबत!" खालचे चक्कीवालेही हसले.

त्या दिवशी अजून एक मुलगी बोलली नव्हती. सावनेरची ज्योत्स्ना, नर्सिंग झालेली, एसटीने यायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. क्लासला येऊन इतके महिने झाले, वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणत होते, तिला रोज एक तरी प्रश्न विचारायलाच हवा. तुम्ही म्हणायचात, "तिचं पोतं भरून राहिलं. भरलं का आपोआप सांडते." मी विचारलं, आणि नाही सांडलं तर? तिची मुलाखत काय पोतं भरायची वाट बघणार आहे? तुम्ही म्हणालात, "तू तिच्याबद्दल बोलून राहिली का तुह्याबद्दल?"

या मे महिन्यात तुम्ही हट्ट धरलात की एक पाठ माझ्या आवाजात पाहिजे. गोष्ट नको, वाचन नको, नुसतं स्वतःबद्दल काहीतरी. मी म्हटलं, आधी तुम्ही करा. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. तुम्ही म्हणालात, तू कर, मग मी करीन. वचन? वचन. मला ते हवं होतं, ताई. माझ्या आवाजासाठी नव्हे. मी बोलले की तुम्ही बोलाल, आणि ते मी कधीच कापणार नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दुपारी चक्की बंद असताना कूलर बंद केला. तुम्ही खुर्ची उचलून माझ्या मागे आणली, पहिल्या दिवशीसारखी. फोन बाजूच्या स्टुलावर. मी बटण दाबलं.

"चालू झालं काय? हं, बोल वं."

मी नाही बोलले.

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "काही बी सांग. सकाळी काय खाल्लं ते सांग."

माझ्या पाठीला तुमची पाठ लागली होती. तुमचा श्वास मला कळत होता. घशाशी वाक्य होतं आणि ते कुठल्या भाषेत आहे हे मला ठरवता येत नव्हतं. आणि मग तुम्ही, माझ्यासमोर म्हणता येणार नाही, माझ्या पाठीमागे, इंग्रजीत बोललात.

"टेक युवर टाइम. आय अ‍ॅम हिअर ओन्ली."

एवढंच. सगळे शब्द शेवटपर्यंत. जे इतके महिने आवरून ठेवलं होतं ते तुम्ही माझ्यासाठी बाहेर काढलंत, कारण मी अडले होते. मला ते कळलं. त्या क्षणी कळलं. आणि कळल्यामुळेच मी जास्त गप्प झाले. किती वेळ आपण तशा बसलो होतो. शेवटी तुमची खुर्ची करकरली आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ दे वं. उद्या करू." मी बटण बंद केलं. कापण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण ठेवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती फाइल तशीच राहिली.

उद्या काही झालं नाही. आधी तुमच्या भाचीचं लग्न, मग नवी बॅच, मग तुमचा तो ताप, जो कुणीच मनावर घेतला नाही, तुम्ही तर नाहीच. दवाखान्यात मी आले तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता. मी कॉटजवळ बसून क्लासचं सांगत राहिले. पंखा दुरुस्त केला, बोंद्रेकाकांनी लोणचं पाठवलं, ज्योत्स्नाच्या मुलाखतीची तारीख आली. तुम्ही बोट वर केलंत आणि कानाजवळ गोल फिरवलंत. मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत नाहीये, म्हणून मी पंख्याचं परत सांगितलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, ते वर्गातलं आपलं बोट होतं. रेकॉर्डिंग लावायचं असलं की तुम्ही मला मागून तसं दाखवायचात. काय ऐकायचं होतं तुम्हाला, ताई? मी बोलायचं राहिलेलं ते? उद्या विचारते असं मनाशी म्हणाले. उद्या या शब्दावर आपण दोघींनी फार भरवसा ठेवला.

तर त्या दिवशी, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, सगळे पाठीला पाठ लावून बसले होते. श्रद्धांजलीचं भाषण मला जमणार नव्हतं. मी बोंद्रेकाकांचा पाठ शोधत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, मॅडम, ताईंचा आवाज नाही काय कुठं? तुमच्याकडे एवढ्या रेकॉर्डिंग आहेत.

सगळ्या रेकॉर्डिंग. सगळ्यांतून मी तुम्हाला काढून टाकलेलं. एक सोडून. आणि ती एक लावली असती तर वर्गाला कळलं असतं की त्यांची मॅडम सकाळी काय खाल्लं एवढंही सांगू शकली नव्हती.  तरी मी फोन स्पीकरला जोडला.

चालू झालं काय? हं, बोल वं.

 मग ती शांतता, माझी. मग तुम्ही म्हणालात, काही बी सांग, सकाळी काय खाल्लं ते सांग. परत माझी शांतता. मी जमिनीकडे बघत होते.

टेक युवर टाइम. आय अ‍ॅम हिअर ओन्ली.

आणि खिडकीजवळून आवाज आला. आधी मला वाटलं बाहेरून आला.

"ताई, टुडे मॉर्निंग आय एट ओन्ली टी," ज्योत्स्ना म्हणाली. तोंड खिडकीकडे, पाठ रिकाम्या खुर्चीला. "बिकॉज सावनेर बस वॉज अर्ली."

कुणीतरी हसलं, बस अर्ली असते काय कधी, आणि तीही हसली. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, आय एट तर्री पोहा, ताई. मग अजून कुणी, आय एट नथिंग, आय अ‍ॅम फास्टिंग फॉर यू. फाइल चालूच होती. तुम्ही म्हणायचात ना, उत्तराची जागा फार लहान सोडतात. ही लहान नव्हती, ताई. मी जिथे बोलले नव्हते तिथे सगळा वर्ग एकेक करून मावला.

माझी पाळी शेवटची. वाक्य तयार होतं, जिन्यातलं, तेच. तुमचं इंग्रजी मला फार आवडतं, एवढंच. मी तोंड उघडलं, आणि स्पीकरमध्ये तुमची खुर्ची करकरली.

"जाऊ दे वं. उद्या करू."

 खाली चक्की बंद पडली होती. खिडकीजवळ ज्योत्स्नाने हात वर केला, मागे न वळता.

"मॅडम, वन मोअर टाइम, प्लीज."

मी परत लावलं.